कोपऱ्यातली चौकट

प्रिय भिंगरी,

पाहिलं असशीलच. नसशील पाहिलं तर कुणीतरी पाठवलं असेल, आणि कुणीच पाठवलं नसेल तर तुझ्या ओळखीचे लोक फार सभ्य आहेत, त्यांना जपून ठेव. माझ्या ओळखीच्यांनी मला माझाच व्हिडिओ इतक्यांदा पाठवलाय की आता मला माझ्या दाढा ओळखू यायला लागल्यात. उजवीकडच्या शेवटच्या दाढेत चांदी भरलेली आहे, ती लखलखते. तू दातांची डॉक्टर, तुझ्या नजरेतून सुटली नसणार. खाली लिहिलंय, 'श्रद्धांजलीत खदाखदा हसणारी बाई'. बाई म्हणजे मी. श्रद्धांजली तुझ्या बाबांची.

इतक्या वर्षांनी पत्र आलं, तेही स्वतःची सफाई द्यायला, असं वाटून तू हे फाडायला घेशील. जरा दम धर. सफाईच द्यायची असती तर वर्तमानपत्रात लेख लिहिला असता. तिथं निदान कुणीतरी शुद्धलेखन तपासतं.

त्या दिवशी तालमीच्या हॉलच्या दारात उभी राहून तू आम्हाला जे बोललीस, ते अक्षर न् अक्षर माझ्याकडे आहे. 'माझ्या बाबांचा आजार तुम्ही आठवड्याच्या आठवड्याला दाखवलात आणि त्यावर हशा घेतलात.' वाक्य चांगलं होतं. लेखिका म्हणून त्यात मी एक शब्दही बदलला नसता, आणि माझ्याबाबतीत हे किती दुर्मिळ आहे ते तुला माहीत आहे. मग तू त्यांना तुझ्याकडे घेऊन गेलीस. ते गेले तेव्हा आम्हाला कुणाला कळवलं नाहीस. आम्हाला बाहेरून कळलं, आम्ही फुलं पाठवली, ती परत आली. फुलं परत येतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आणि आता हे. बापाच्या श्रद्धांजलीत ही बाई दात काढते. तुला वाटलं असेल, बघा, मी म्हणत होते ते काही खोटं नव्हतं. तसं वाटून तू पुढचं आयुष्य काढावंस हे मला चालणार नाही. माझ्यावर राग ठेव, खुशाल ठेव, माझ्यावर राग धरणाऱ्यांची एक छोटी संघटना आहे, तीत तुला मानाचं पद मिळेल. पण चुकीच्या माहितीवर नको.

तर झालं असं. टीव्हीवरच्या आपल्या विनोदी कार्यक्रमाचा वाढदिवस होता. कार्यक्रम बंद पडून एवढा काळ लोटला तरी त्याचा वाढदिवस चालू असतो. माणसांची तशी सोय नाही. वाहिनीवाल्यांनी ठरवलं की त्यातले जे कलाकार आता नाहीत त्यांच्यासाठी एक संध्याकाळ करायची. नाव दिलं 'हसऱ्या चेहऱ्यांना निरोप'. आता तूच सांग, कुणाचा चेहरा हसरा होता? हसायचे ते समोरचे. आपले सगळे तर दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसल्यासारखे दिसायचे, गंमत सगळी त्यातच होती. पण हे निर्मातीबाईंना कोण सांगणार. बाई चाळिशीच्या आत-बाहेर, अतिशय नम्र, आणि नम्र माणसांशी मला भांडता येत नाही, हा माझ्या धंद्यातला मोठाच दोष आहे.

उरलेल्यांपैकी आम्ही तिघं होतो. मी, साहेब, आणि मेकअपवाल्या ताई. साहेबांचे दोन्ही गुडघे आता नवीन आहेत आणि ते त्यांना शाळेत घातलेल्या मुलांसारखे जपतात. अजून एखाद्या खात्याचे प्रमुख असल्यासारखे बसतात मात्र. आयुष्यभर खिडकीपलीकडचा अधिकारी केला की माणूस खिडकी नसतानाही तसाच बघायला लागतो. आम्हाला एका लांबलचक सोफ्यावर ओळीनं बसवलं. समोर मोठा पडदा, पडद्याखाली आमच्याकडे रोखलेला कॅमेरा. जुने प्रसंग पडद्यावर दाखवले जाणार, ते बघताना आमचे चेहरे कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत थेट दिसणार, आणि घरोघरी बसलेले लोक ते सगळं बघत बाजूला आपापल्या ओळी लिहीत जाणार. म्हणजे लोक आम्हाला बघणार, आम्ही गेलेल्यांना बघणार, आणि गेलेले बिचारे कुणालाच नाही. निर्मातीबाई हात जोडून म्हणाल्या की तुम्ही काही बोलायची गरज नाही, फक्त मोकळे व्हा. साहेबांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, मोकळं व्हायला जायचं कुठं ते आधी दाखवून ठेवा, या वयात ऐन वेळी शोधता येत नाही. ताईंना वेगळंच दुःख होतं. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं रंगवली आणि आज त्यांचं तोंड दुसऱ्याच कुणी रंगवलं होतं. भिंतीला चुना लावावा तसा लावलाय, असं म्हणत होत्या. त्यात एकीनं येऊन बजावलं, रडू आलं तर येऊ द्या, पण पुसू नका, डाग पडतील.

बाजूच्या ओळी आम्हालाही दिसत होत्या. खालून उगवायच्या, वर सरकायच्या, गडप. 'भावपूर्ण श्रद्धांजली' हा शब्द किती तऱ्हांनी लिहिता येतो याचं ते एक प्रदर्शनच होतं. आणि त्या ओळींबरोबर ती पिवळी तोंडं. त्यातलं एक तोंड आहे बघ, हसून हसून दोन्ही डोळ्यांतून पाणी आलेलं. ज्यांनी चष्मा लावलेला नसतो त्यांना ते रडणारं वाटतं. आपले प्रेक्षक आता सगळे चष्म्याच्या वयातले. त्यामुळे एकेका दिवंगताच्या फोटोखाली हसून लोळणाऱ्या तोंडांच्या रांगाच्या रांगा. निर्मातीबाई दचकल्या, म्हणाल्या हे लोक चेष्टा करतायत का? ताई म्हणाल्या, अहो, रडतायत ते. चष्मा सापडत नसेल. मी आयुष्यात पुष्कळ श्रद्धांजल्या ऐकल्या, बऱ्याच तर मीच लिहून दिल्या, पण इतकी नेमकी बघितली नव्हती.

पहिला बटाट्या आला. त्याचं ते जिन्यावरून पडणं. असा पडायचा की आपल्याला जिन्याची कीव यावी. मग आजी आली. ऐन पंचविशीत तिला पांढरा टोप घातला तो पुन्हा उतरलाच नाही, आणि खरी आजी व्हायच्या आत गेली. ओळी येत होत्या. कुणी लिहिलं, 'माझी आई अंथरुणावर होती तेव्हा आम्ही हिला बघत तिला भरवायचो, आई हसली की तोंड उघडायची.' कुणी लिहिलं, 'घटस्फोटाच्या वर्षी रोज बटाट्या बघून झोपायचो.' मी, जिनं जन्मभर लोकांच्या मूर्खपणावर पोट भरलं, ती मांडीवर हात ठेवून एकेक ओळ वाचत बसले होते. आपण टेबलाशी बसून चहा ढोसत, एकमेकांवर खेकसत जे खरडायचो, ते लोकांनी कुठं कुठं नेऊन ठेवलं होतं. मध्येच कुणीतरी विचारलं, 'चौकटीतले टाय लावलेले आजोबा आहेत का गेले?' साहेबांनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. त्यावर पिवळ्या तोंडांचा पूर.

आणि मग मास्तर आले. तुझे बाबा.

कुठला प्रसंग लावतील याची मला धास्ती होती. लावला तोच, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीचा. तुला तो पाठ आहे, पण मी लिहिलेलं वेगळं होतं हे तुला माहीत नाही. मी लिहिलं होतं की एक गृहस्थ छत्री हरवल्याची तक्रार द्यायला येतात आणि खिडकीपलीकडचे साहेब त्यांना छत्रीची जन्मतारीख, छत्रीचे आईवडील, छत्रीचा स्वभाव असलं काहीबाही विचारत राहतात. बऱ्यापैकी होतं. मास्तर खिडकीपाशी आले. साहेबांनी विचारलं, काय हरवलंय? आणि मास्तर थांबले. तू तर जाणतेस, थांबणं म्हणजे मास्तरच. म्हणून तर त्यांना मास्तर म्हणायचे, अख्ख्या दोन पिढ्यांना त्यांनी थांबायला शिकवलं. पण इतके ते कधी थांबले नव्हते. साहेबांकडे बघितलं, वर बघितलं, स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग अगदी हळू, एखाद्याची माफी मागावी तसं म्हणाले, तेच तर हरवलंय.

हॉल कोसळला. आठवतंय तुला? मी आत काचेमागे बसले होते, मीही कोसळले. माझ्या पाच पानांची त्यांनी तीन शब्दांत माती केली होती आणि ती माती सोन्याची होती. पुढे सगळीकडे ते वाक्य माझ्या नावावर गेलं. लोक कार्यक्रमांत माझी ओळख करून देताना म्हणायचे, 'तेच तर हरवलंय' लिहिणाऱ्या. मी नाकारत राहिले, लोकांना तो विनय वाटला. मला विनयी म्हणणारी तेवढीच माणसं.

परवा तो प्रसंग दाखवताना वाहिनीवाल्यांनी एक गडबड केली. त्या काळी प्रसारणाआधी आपण प्रेक्षकांचं हसणं दाबून घ्यायचो, नाहीतर वाक्यं बुडायची. यांनी तो हात न फिरवलेलाच जुना टेप उचलला. त्यामुळे मास्तरांचा तो प्रसंग पहिल्यांदाच सगळ्या हशासकट ऐकू आला. पुढच्या रांगेतलं हसणं तर अगदी कानाशी. आणि त्या हशात, कोपऱ्यातल्या चौकटीत, मी हसले. साहेबांनी मला कोपरानं ढोसलं, ताईंनी माझ्या मांडीला चिमटा काढला, मी तोंडावर हात धरला, हाताबाहेर हसले. बाजूच्या ओळी एका क्षणात माझ्यावर उलटल्या. ही हडळ कोण? लाज विकून खाल्ली का? बाहेर काढा हिला. कुणीतरी सांगितलं लेखिका आहे, तेव्हा एकानं लिहिलं, मग बरोबर, स्वतःच्याच विनोदावर हसतेय.

ते मला झोंबलं. बाकी हडळ वगैरे ठीक आहे.

कशावर हसले ते सांगते, पण त्याआधी जे सांगायला हवं ते सांगते. त्या प्रसंगाचं चित्रण संपलं आणि मी मास्तरांना मिठी मारायला मेकअपच्या खोलीत गेले. ते आरशासमोर बसले होते. मला म्हणाले, अगं, पाऊस आला की डोक्यावर धरतात, त्याला काय म्हणतात? मला वाटलं अजून भूमिकेत आहेत. मी म्हटलं, टोपली. ते हसले नाहीत. टेबलावर ती छत्री पडली होती, प्रसंगाच्या शेवटी साहेबांनी त्यांना द्यायची होती ती. त्यांनी ती उचलली आणि तिच्याकडे असं बघितलं की जणू चेहरा ओळखीचा आहे, नाव ओठांवर आहे, येत मात्र नाही. मी म्हटलं, छत्री. ते शाळेतल्या मुलासारखं माझ्यामागोमाग म्हणाले, छत्री. आणि मग आरशातूनच माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. मला येतं करायला, पण करणार नाही.

काही दिवसांनी माझ्या घरी आले. मी स्वयंपाकघरात फ्रिजमधला बर्फ फोडत होते. ते स्टुलावर बसले, पातेलं धरायला घेतलं, आणि बर्फ पातेल्यात पडत असताना सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले हळूहळू जाईल. मी विचारलं, काय? तर म्हणाले, सगळंच. एवढं सांगून मास्तर स्वतःच हसले, म्हणाले, बघ, डॉक्टरचं टायमिंग बरं आहे. मग कामाचं बोलले. म्हणाले, नट विसरला तर त्याला घरी पाठवतात, पात्र विसरलं तर टाळी पडते. तू मला विसरणारी पात्रं लिही. मी चक्क नाही म्हटलं. म्हटलं, मास्तर, टवाळी माझा धंदा आहे, पण घरच्या माणसाची नाही करणार. ते म्हणाले, टवाळी नको करूस, जागा करून दे. मला जेवढा वेळ उभं राहता येईल तेवढा वेळ उभं राहायची जागा करून दे. आम्ही भांडलो. बर्फ वितळून गेला, फरशीवर तळं झालं, त्यात पाय घालून आम्ही दोघं भांडत बसलो. मी त्यांना हट्टी, स्वार्थी, टाळीला हपापलेला म्हातारा म्हटलं. ते म्हणाले, हो, मग?

म्हणून मग पत्ता विसरलेला पोस्टमन आला. म्हणून चुकीच्या लग्नात भाषण करणारा वधूपिता आला. स्वतःच्या घराची बेल वाजवून 'साहेब आहेत का घरी' विचारणारा तो गृहस्थ आला. तू म्हणालीस ना, आठवड्याच्या आठवड्याला. खरं आहे. मी दर आठवड्याला त्यांच्याकडून काय गेलंय ते बघायची आणि त्याच्या आकाराचं भोक कथेत पाडून ठेवायची. त्यांनी विसरावं आणि ते भोकातच पडावं, बाहेर नाही. साहेबांना सांगितलेलं होतं, कारण समोर उभं राहून सांभाळायचं त्यांनाच होतं. तुला सांगायचं नाही, ही मास्तरांची एकच अट. मी म्हटलं, पोरगी उद्या डॉक्टर होणार, तिच्यापासून काय लपवताय? म्हणाले, दातांची. तिचे दात दिसायला हवेत मला. सांगितलंस तर ओठ मिटतील.

मला तेव्हा वाटलं हे नेहमीचं बापाचं हळवेपण. आई गेल्यापासून तू त्यांच्या काखेत वाढलीस, शाळा सुटली की दप्तरासकट तालमीला यायचीस, पुढं कॉलेजातूनही पहिल्या रांगेत येऊन बसायचीस, मुलीला जपतायत, ठीक आहे. तसं नव्हतं. एकदा तालीम संपल्यावर त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी एखादी युक्ती शिकवावी तसं. म्हणाले, मला आता वाक्यं राहत नाहीत. पण भिंगरी तालमीत कुठं हसते ते राहतं. ती पहिल्यांदा हसली की मी टेबलाकडे जातो. दुसऱ्यांदा हसली की साहेबांकडे वळायचं. मोठ्यानं हसली की नुसतं उभं राहायचं, वाक्य आपणहून येतं. अंधारात कठड्याला धरून जिना उतरतो ना माणूस, तसं. मी म्हटलं, आणि एवढा हॉल हसतो तो? ते म्हणाले, गर्दीचं हसणं म्हणजे नुसता पाऊस गं. त्यात दिशा नसते.

माझा विश्वास बसला नाही. मग एक दिवस बसला. तुझी तोंडी परीक्षा लांबली आणि तू चित्रणाला पोचली नाहीस. आठवतंय, तुला आम्ही सांगितलं की दिवे गेले म्हणून सगळं रद्द झालं? दिवे जागच्या जागी होते. मास्तर आले, पहिलं वाक्य म्हणाले, हॉल हसला, आणि ते तिथंच उभे राहिले. लोक आणखी हसले. ते कान देऊन उभे होते. एकदा इकडं वळले, एकदा तिकडं, मग मागच्या पडद्यावर रंगवलेल्या खिडकीपाशी गेले आणि ती उघडायला लागले. लोकांना वाटलं काय कमाल करतोय हा माणूस. साहेब उठले, त्यांच्या कोपराला धरून म्हणाले, चला, खिडकी बंद झाली आजची, आणि त्यांना आत घेऊन आले. तू नंतर फोन करून दिवेवाल्याला काय काय बोललीस. त्या बिचाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. चूक त्याची नव्हती, पण त्यालाही मास्तर आवडायचे. त्यानंतर प्रत्येक चित्रणाची तारीख तुझ्या परीक्षा बघून ठरली. तुला वाटायचं, बाबा किती लाड करतात.

शेवटी त्यांनीच थांबायचं ठरवलं. म्हणाले, आता ती हसते ते ऐकू येतं, पण हसल्यावर काय करायचं ते राहत नाही, पुरे. जितक्या सहज स्वेटर काढून ठेवावा तितक्या सहज त्यांनी काम सोडलं. मग तुला आजाराचं कळलं आणि तू हॉलच्या दारात येऊन उभी राहिलीस. तेव्हा मास्तर हयात होते, आणि त्यांना दिलेला शब्द मोडणं मला जमलं नाही. ते गेल्यावर मी तुला सांगणार होते, तर फुलंच परत आली.

आता परवाचं. तो दाबला न गेलेला टेप लागला तेव्हा बाजूच्या ओळींत लोक विचारायला लागले, मागं कोण हसतंय ही? एकानं लिहिलं, हिच्या हसण्यानं माझी सासू हसायला लागली, लग्नानंतर पहिल्यांदाच. दुसऱ्यानं लिहिलं, हिलाही कार्यक्रमात घ्यायला हवं होतं. आणि त्या सगळ्यात एक ओळ आली, ना फोटो, ना धड नाव. 'तिनं हसायला नको होतं.' लोकांना ती माझ्याबद्दल वाटली. पुष्कळांनी तिला पसंतीचे अंगठे दिले. वर सरकली, गेली. पण तुला मी तुझ्या दुधाच्या दातांपासून ओळखते. लहानपणी कपबशी फोडलीस की तू 'मी फोडली' कधी म्हणाली नाहीस. 'तिनं फोडली' म्हणायचीस आणि कुणी न सांगता स्वतःच भिंतीकडे तोंड करून उभी राहायचीस. ती ओळ वाचली आणि मला कळलं की तू इतकी वर्षं आमच्यावर रागावलेली नाहीस. आमच्यावर रागावणं तुला परवडत होतं, एवढंच. 'पहिल्या रांगेत बसून बापाच्या आजारावर सगळ्यांत मोठ्यानं मी हसले', हे तू मनात धरून बसली आहेस. त्या ओळीला तिथंच उत्तर द्यावं म्हणून मी हात पुढे केला, पण चौकटीतल्या माणसाला लिहिता येत नाही, नुसतं दिसता येतं. म्हणून हे पत्र. मी मास्तरांवर हसले नाही, माझ्या विनोदावर तर नाहीच. इतक्या वर्षांनी तू माझ्या कानाशी हसलीस, म्हणून हसले. तू हसलीस की मला आवरत नाही. आणि तुझ्याबद्दल एवढंच सांगायचंय, ते डोळे मिटून लिहिते. माझ्याइतकी खोड काढणारी बाई तुला भेटायची नाही, म्हणून माझ्यावर विश्वास ठेव. तो सगळा टेप मी नंतर मागवून घेतला, एकटीनं बसून, पडद्याकडे न बघता, नुसता ऐकला. पोरी, तुझं एकही हसणं चुकीच्या जागी नव्हतं.

तुझीच,
खवट मावशी